खोटी साक्ष नको, देवाच्या बाजूनेही नको

पत्र :

बाई, मी सत्तावीस वर्षांची आहे. वसईच्या पश्चिम पट्ट्यातलं आमचं गाव, नोकरी चर्चगेटला बँकेत. दोन वर्षांपासून कथा लिहिते, तीन छापून आल्या. चौथ्या कथेत अडकले आहे. त्यात एक घर आहे. थोरला भाऊ दर रविवारी चर्चमध्ये मिस्सात, म्हणजे उपासनेत, पवित्र शास्त्रातलं पहिलं वाचन करतो, चर्चच्या पॅरिश कौन्सिलवर आहे. आजोबांनी लावलेली सोनचाफ्याची वाडी तो बिल्डरला देतो. त्याआधी बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतो, पण ती कशावर सही करतेय ते तिला नीट सांगत नाही. हे आमच्याच घरात घडलं आहे, काका आणि आत्यामध्ये. आईने कथा वाचली आणि म्हणाली, ‘छापू नकोस, आपलीच माणसं आहेत.’ प्रार्थना गटातल्या एक काकू म्हणाल्या, ‘देवाने कला दिली ती त्याच्या गौरवासाठी वापर. शेवटी त्याला पश्चात्ताप होतो असं दाखव.’ मुंबईच्या आमच्या लेखक मंडळींचं वेगळंच. ‘मिस्सा, फादर, राखेचा बुधवार हे सगळं वाचकाला परकं वाटतं. नावं बदल, चर्च काढून टाक, गोष्ट जमिनीची आहे.’ संध्याकाळी घरी रोझरी म्हणते आणि मग लिहायला बसते, तेव्हा वाटतं या दोन वेगळ्या बायका आहेत. ख्रिस्ती म्हणून लिहायचं म्हणजे नेमकं काय करायचं? सोबत कथा पाठवते आहे.
– स.

प्रिय स.,

तुझी कथा दोनदा वाचली. पहिल्यांदा एका बैठकीत, कारण ती वाडी आणि तिच्या कडेचं बावखल, आपलं गोड्या पाण्याचं तळं, मला सोडवेना. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. कथेबद्दल शेवटी बोलते. आधी तुझा प्रश्न, कारण तो मीही पुष्कळ वर्षं बाळगला आहे.

पहिल्या कम्युनियनच्या, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या, तयारीत आपल्याकडून दहा आज्ञा पाठ करून घेतात. त्यातली आठवी : खोटी साक्ष देऊ नको. लहानपणी मला वाटायचं, ही कोर्टकचेरीत जाणाऱ्यांसाठी असेल. लिहायला लागल्यावर कळलं की ही आपल्यासाठीही आहे. गोष्ट लिहिणारी बाई करते काय? तिने जे पाहिलं, ज्याचा तिला थोडाफार अर्थ लागला, ते ती चार लोकांपुढे ठेवते आणि म्हणते, माणसं अशी वागतात, त्यांना असं दुखतं. ही साक्षच झाली. माणसाला आहे त्याहून काळं रंगवलं की ती खोटी होते, हे कुणीही सांगेल. पण देवाची बाजू लंगडी पडू नये म्हणून माणसाला आहे त्याहून उजळ रंगवलं, तरी ती तितकीच खोटी होते. ही दुसऱ्या प्रकारची खोटी साक्ष मी स्वतः दिली आहे, छापून दिली आहे. ते तुला सांगते.

तेव्हा मी तुझ्याहून चारेक वर्षांनी मोठी असेन. एका नाताळ अंकासाठी कथा मागितली होती. माझ्या मावशीचे यजमान दारू प्यायचे. तिचं सगळं आयुष्य मोगऱ्याचे गजरे करण्यात आणि ते दादरच्या फुलबाजारात नेऊन विकण्यात गेलं. त्या दोघांवर मी कथा लिहिली. संपादकांनी सुचवलं, नाताळचा अंक आहे, शेवट आशेचा करा. मी फार विचार न करता केला. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला तो नवरा चर्चच्या दाराशी येऊन उभा राहतो, मग गुडघे टेकतो आणि हमसून रडतो. पुष्कळ लोकांना आवडली कथा. एका सिस्टरांनी वर्गात वाचूनही दाखवली.

अंक हातात आला तशी मी मावशीकडे मुक्कामाला गेले, तिला दाखवायचा म्हणून. पहाटेचे चार वाजले असतील. ओटीवर पिवळा बल्ब, ओल्या फडक्याखाली कळ्यांचा ढीग, आणि केळीच्या सोपटाचा दोरा पाण्यात भिजत टाकलेला. ती डाव्या हाताच्या बोटांत दोन कळ्या पाठीला पाठ लावून धरायची, उजव्या हाताने दोऱ्याचा फास टाकून आवळायची, की पुढच्या दोन. तिला खाली बघावंसुद्धा लागायचं नाही. मी शेवटचं पान तिला वाचून दाखवलं. तिचे हात थांबले. मग तिने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, ‘हा कधी रडला गं? मी कुठे होते तेव्हा?’

ती रागावली नव्हती. ती खरंच विचारत होती. क्षणभर तिला वाटलं असावं की असं काहीतरी झालं, आणि ते नेमकं तिला दिसायचं राहून गेलं. आतल्या खोलीत तो माणूस झोपला होता, दाराशी त्याच्या चपला उलट्यापालट्या पडल्या होत्या. मावशीने उरलेल्या कळ्या संपवल्या, गजरे केळीच्या पानात बांधले, टोपली डोक्यावर घेतली आणि पहिल्या लोकलसाठी निघाली. निघताना दारावरच्या क्रुसाला हात लावून तो कपाळाला लावला, रोज लावायची तसा.

मी त्या ओटीवर बसून राहिले. या बाईने वीस वर्षं रोज रात्री त्या माणसासाठी प्रार्थना केली होती. ती प्रार्थना पूर्ण झाली नव्हती, आणि तरी तिने सोडली नव्हती. खरी गोष्ट तिथे होती. मी कागदावर तिची प्रार्थना एका परिच्छेदात पूर्ण करून टाकली आणि तिची वीस वर्षं पुसली. विश्वास दाखवायला निघाले होते आणि ज्या एकाच माणसाजवळ विश्वास होता त्यालाच कथेतून काढून टाकलं.

म्हणून काकूंच्या सूचनेबद्दल माझं स्पष्ट मत आहे : तो पश्चात्ताप घालू नकोस. तुझ्या काकांना खरोखर पस्तावा झाला असेल आणि तू तो पाहिला असशील तर वेगळी गोष्ट. पण वाचकाला बरं वाटावं किंवा चर्चची लाज राखली जावी म्हणून घालू नकोस. काकूंना मात्र उलट बोलू नकोस. त्या ज्या आशेबद्दल बोलतात ती खरी आहे. फक्त आशा म्हणजे गोड शेवट नव्हे.

त्यांना पटवून द्यायचं झालं तर बाहेरचं काही आणायला नको, पवित्र शास्त्रच पुरेसं आहे. स्तोत्रं घे. दुःखाची, तक्रारीची, देवाला जाब विचारणारी कितीतरी स्तोत्रं आहेत आणि त्यातली बहुतेक शेवटाकडे येता येता आशेकडे वळतात. पण ८८वं वळत नाही. ते अंधारातच संपतं. हजारो वर्षं हे स्तोत्र प्रार्थना म्हणून म्हटलं गेलं, आणि शेवटी दोन बऱ्या ओळी जोडून ते नीट करावं असं कुणी केलं नाही. एस्तेरचं पुस्तक घे. मूळ हिब्रू एस्तेरमध्ये देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पुस्तक शास्त्रात आहे. आपल्या कथेत देवाचं नाव किती वेळा आलं हे मोजणाऱ्यांना हे जरूर सांग.

आणि तुझ्या कथेला सगळ्यांत जवळचा आहे तो लूकच्या पंधराव्या अध्यायातला दृष्टान्त. आपण त्याला उधळ्या पुत्राचा म्हणतो आणि आपली वाटणी उधळून घरी परतलेल्या धाकट्यापाशीच थांबतो. पण येशू तो कुणाला सांगत होता? पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुर करणाऱ्या परूश्यांना आणि शास्त्र्यांना, म्हणजे नियमाने देवळात जाणाऱ्यांना. त्यांच्यासाठी त्या गोष्टीत थोरला भाऊ आहे. कधी घर न सोडलेला, कामसू, शब्दाबाहेर न जाणारा, आणि आतून हिशोब मांडून बसलेला. घरात वाजंत्री चालू आहे आणि तो रुसून अंगणात उभा आहे. बाप बाहेर येतो, त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. ऐकणाऱ्यांतल्या प्रत्येकाला ते स्वतःचं स्वतः ठरवायचं होतं. तुझ्या कथेतही वाचन करणारा थोरला भाऊ आहे. त्याला अंगणात उभा ठेवून कथा थांबवायची मुभा तुला आहे. मात्र एक गोष्ट विसरू नकोस : त्या दृष्टान्तात बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो, त्यालाही ‘बाळा’ म्हणतो. तुझ्या कथेत त्या काकासाठी कुणी बाहेर येतं का? यावर मी पुन्हा येणार आहे.

आता आईचं म्हणणं. ते टाळता येणार नाही आणि टाळूही नये. ‘लोक काय म्हणतील’ एवढंच त्यात असतं तर मी तुला सरळ छाप म्हटलं असतं. पण १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आठव्या आज्ञेखाली दोन वेगळी पापं सांगितली आहेत. एक, एखाद्यावर खोटा आळ घेणं. दुसरं, पुरेसं कारण नसताना एखाद्याचा खराच दोष ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यापुढे उघडा करणं. हे दुसरं लिहिणाऱ्यांना फार अडचणीचं आहे. ‘मी खरं तेच लिहिलं’ असं म्हणून सुटता येत नाही. खरं असलं तरी, ते सांगायला कारण आहे का?

तुझ्याजवळ कारण आहे असं मला वाटतं. आपल्या पट्ट्यात गेल्या तीसचाळीस वर्षांत किती वाड्या गेल्या, किती बावखलं बुजली, हे तू बघतेसच. हरित वसईची चळवळ झाली, मोर्चे निघाले, आपले फादर त्यात उभे राहिले. पण त्या चळवळीत बोललं गेलं ते बाहेरून येणाऱ्या बिल्डरांबद्दल. आपल्याच स्वयंपाकघरात, आपल्याच बहिणींकडून घेतलेल्या सह्यांबद्दल आपण फारसे बोललो नाही. भाऊ म्हणतो, ‘तुला लग्नात दिलंच की.’ बहीण म्हणते, ‘माहेर तुटायला नको.’ आणि हक्कसोडपत्र होतं. हे एका घराचं नाही. म्हणून ते लिहायला हवं. पण जे लिहायला हवं ते हे कृत्य आहे, तुझे काका नव्हेत. एकाला दुसऱ्यापासून सोडवून घेण्याचं कौशल्य तुला शिकावं लागेल.

ते नाथान संदेष्ट्याकडून शीक. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला लढाईत मरायला पाठवलं. नाथानला हे राजाच्या तोंडावर सांगायचं होतं. त्याने गोष्ट सांगितली. एका गरीब माणसाकडे एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटातलं खायची, त्याच्याच पेल्यातलं प्यायची, त्याच्या कुशीत झोपायची, त्याला लेकीसारखी होती. शेजारच्या श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा त्याने आपल्या कळपातलं एकही जनावर न घेता ही मेंढी नेऊन कापली. दावीद भडकला, असल्या माणसाला मरणाचीच शिक्षा हवी म्हणाला. तेव्हा नाथान म्हणाला, तो माणूस तूच.

बघ, त्या गोष्टीत राजा नाही, राजवाडा नाही, लढाई नाही, कुणाची बायको नाही. नाथानने सगळं बदललं आणि तरी एक कणभरही खोटं बोलला नाही, कारण कृत्याचा आकार त्याने जसाच्या तसा ठेवला : ज्याच्याकडे भरपूर आहे त्याने, ज्याच्याकडे एकच आहे त्याचं ते एक नेलं. आणि ताटातलं खाणारी मेंढी त्याने इतकी जवळून दाखवली की राजाला राग आल्यावाचून राहिला नाही. तूही एवढंच कर. काकांची स्कूटर, घसा खाकरून बोलायची सवय, यातलं गावाला ओळखू येईल ते सगळं काढ. वाडी चाफ्याची न ठेवता केळीची कर, गाव दुसरं कर. कथेला त्याने काही कमी पडणार नाही. उलट, काका डोळ्यांसमोरून हलले की तुला त्या माणसाच्या आत शिरता येईल. आत्ता तू त्यांच्यावर इतकी रागावलेली आहेस की आत शिरायला तयारच नाहीस.

छापायला द्यावी की नाही हे ठरवताना मी एक कसोटी लावते. मिस्सात कम्युनियनच्या आधी आपण एकमेकांना शांती देतो. ही कथा छापून आल्यानंतरच्या रविवारी काका तुझ्या शेजारच्या बाकावर उभे असतील, तर तुला हात पुढे करता येईल का? ते हात देतील की नाही हे सोड, ते त्यांच्याकडे. तुझा हात पुढे होईल का? सूड म्हणून लिहिलं असेल तर होणार नाही, आणि मग कथा अजून थांबायला हवी. आणि आत्याला विचारल्याशिवाय छापू नकोस. जिच्यावर अन्याय झाला तिचा त्या गोष्टीवर पहिला हक्क आहे. एकदा तिच्याकडून न सांगता सही घेतली गेली आहे, दुसऱ्यांदा तसं तुझ्याकडून व्हायला नको.

मुंबईच्या मंडळींबद्दल थोडक्यात सांगते, कारण तिथे मला काहीच शंका नाही. चर्च काढू नकोस. नावं बदलून घर ‘सर्वसामान्य’ करू नकोस. आपण मराठीत पाहुणे नाही. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज येशूसंघीय फादर १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचं ख्रिस्तपुराण छापून निघालं, सुमारे ११ हजार ओव्यांचं. त्यातच प्रसंग आहे : गोव्यातल्या साष्टीच्या चर्चमध्ये एक माणूस पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तुम्ही थांबवलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरं एखादं पुराण का करून देत नाही? म्हणजे ते पुस्तक इथल्या माणसाच्या मागणीतून आलं. स्वर्गाला स्टीफन्सने वैकुंठ म्हटलं आणि ओवी ज्ञानेश्वरांच्या वाटेची घेतली. या मिसळणीला चारशे वर्षं होऊन गेली, आणि आज तुला कुणी सांगतं की मिस्सा हा शब्द वाचकाला परका वाटेल!

आणखी जवळचं बघ. नारायण वामन टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, आपल्या कोकणचेच. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हणतात, आणि तेच टिळक सगळ्या महाराष्ट्राला फुलामुलांचे कवी म्हणून माहीत आहेत. पण तुझ्या उपयोगाच्या आहेत त्या लक्ष्मीबाई. स्मृतिचित्रे १९३४ पासून भागाभागांनी निघाली. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा या बाईचं काय झालं, किती वर्षं ती दूर राहिली, सोवळंओवळं तिच्या हातून हळूहळू कसं सुटलं, टिळकांचा संताप कसा होता, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन ते घरात कशी अडचण करत, सगळं तिने लिहिलं. काही झाकलं नाही आणि कुठे विखारही नाही. ते पुस्तक वाचून टिळकांबद्दल कुणाच्या मनात तिरस्कार आला असं मी आजवर ऐकलं नाही. आपल्या माणसाचे दोष त्याच्यावरच्या प्रेमासकट कसे लिहायचे, हे मराठीत त्या बाईइतकं मला दुसऱ्या कुणी शिकवलेलं नाही. कथेला पुन्हा हात लावण्याआधी ते पुस्तक वाच. आधी वाचलेलं असेल तरी वाच.

आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो तर तुझ्या शेजारच्या नंदाखालचे. त्यांनी वर्षानुवर्षं सुवार्ता मासिक चालवलं, बायबल सोप्या मराठीत आणलं, हरित वसईसाठी उभे राहिले. २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. धर्मावरून काहींनी विरोध केला, तरी ते गेले, आजारी असताना गेले, आणि व्यासपीठावर मराठीतले एक लेखक म्हणून बसले. ही वाट तयार आहे. तू ती नव्याने पाडायची नाहीस. फक्त तुझ्या कथेत कंस घालून काही समजावून सांगू नकोस. राखेचा बुधवार म्हणजे काय ते सांगण्याऐवजी आत्याच्या कपाळावरची राख लोकलच्या घामाने ओघळताना दाखव. वाचक समजून घेतो. वारीला कधी न गेलेली आपण माणसं वारीच्या कविता समजून घेतच आलो ना!

राहिला प्रश्न त्या दोन बायकांचा, रोझरी म्हणणारी आणि लिहिणारी. मला वाटतं त्या दोन वाटतात कारण तू लिहिण्याला दिवसाचा उरलासुरला तुकडा देतेस. लोकलने दमलेली, जेवण झालेलं, घर झोपायला निघालेलं, आणि मग तू वही उघडतेस. तेव्हा समोर येतो तो नुसता राग, कारण दमलेल्या माणसाजवळ तेवढाच शिल्लक असतो. रोझरी सोडू नकोस. उलट ती संपल्यावर लगेच उठू नकोस, तिथेच पाच मिनिटं बसून राहा. संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या लोकांना दिवसाची झडती घ्यायला शिकवलं होतं : आधी मिळालेल्याबद्दल आभार, मग सकाळपासूनचा दिवस क्रमाने आठवायचा, कुठे देवाजवळ होतो आणि कुठे दूर गेलो ते बघायचं, आणि उद्यासाठी मदत मागायची. स्टीफन्स त्यांनीच स्थापन केलेल्या येशूसंघाचा होता. मी त्यात माझ्यापुरती एक भर घातली आहे. दिवस आठवताना पाहिलेल्या तीन गोष्टी वहीत लिहायच्या, मत न देता. ‘शेजारणीने दुधाची पिशवी कात्रीने न कापता दाताने फाडली.’ एवढंच. चांगलं, वाईट, बिचारी, काही नाही. महिनाभर करून बघ. माणसाकडे निवाडा न करता बघायची सवय लागते. ती सवय प्रार्थनेत लागते तशीच लिहिण्यातही लागते, आणि मग त्या दोघी एकाच बाकावर बसायला लागतात.

एक काळजी मात्र घे. ‘देवाने माझ्याकडून लिहून घेतलं’ असं म्हणू नकोस, मनातही नको. एकदा तसं म्हटलं की वाक्य दुरुस्त करायला हात धजत नाही. निर्गमच्या पुस्तकात देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून बसालेलचं नाव येतं, आणि तो कारागीर आहे : सोनं, चांदी, पितळ, लाकूड आणि रत्नं जडवणारा. आत्मा त्याच्यावर आला म्हणून त्याला छिन्नी चालवावी लागली नाही असं कुठे लिहिलेलं नाही. तुझे संवाद लांब आहेत, दुसरं पान सबंध काढता येईल, आणि ‘अचानक’ हा शब्द नऊ वेळा आला आहे. हे नीट करणं हाही तुझ्या श्रद्धेचाच भाग समज. भाविक आहे म्हणून कच्ची कथा वाचकाने सोसावी, ही अपेक्षा मला योग्य वाटत नाही. आणि रविवारी लिहू नकोस. देवाने सातवा दिवस मोकळा ठेवला, आपणही ठेवू. रविवारी माणसांत जा, जेव, गप्पा ऐक.

आता तुझी कथा.

वाडी सुंदर उतरली आहे. पहाटे चाफ्याची कळी उमलायच्या आत खुडायची घाई, पायाला लागणारं दव, बावखलातल्या पाण्यावरचं शेवाळ, हे तू डोळ्यांनी पाहून लिहिलं आहेस. काका मात्र कागदाचा आहे. त्याच्या तोंडात एकही वाक्य असं नाही जे वाचून मला वाटावं की हा माणूस रात्री जागा राहिला असेल. त्याला मुलीच्या लग्नाचं कर्ज होतं का? चाफ्याला मजूर मिळेनासे झाले होते का? वाचन करताना एखाद्या रविवारी त्याचा आवाज अडखळला का? यातलं काही त्याचं कृत्य धुऊन काढणार नाही, आणि तू धुऊ नकोसही. पण हे न बघता लिहिलंस तर ती एकतर्फी साक्ष होईल. बाप थोरल्यासाठीही बाहेर येतो म्हणाले ते याचसाठी. कथेत त्याच्यासाठी बाहेर यायचं कुणी असेल तर ती लिहिणारी तूच आहेस.

आणि आत्या तर कथेत जवळजवळ नाहीच. ती येते, सही करते, जाते. पूर्ण कथा तिच्यावर झालेल्या अन्यायाची, आणि तिला दोन वाक्यं. सहीच्या दिवशी ती माहेरी आली तेव्हा तिने काय आणलं होतं? कुणी तिला चहा विचारला का? कागद पुढे आला तेव्हा तिने चष्मा शोधला, की ‘तू वाचलास ना, झालं मग’ म्हणाली? सही करून ती वाडीत गेली का? तुला हे माहीत नाही, कारण तू तिला अजून विचारलेलं नाहीस. तुझ्या पत्रात काका आहेत, आई आहे, काकू आहेत, मुंबईची मंडळी आहेत. आत्याचं म्हणणं काय, ते एका ओळीनेही नाही.

येत्या शनिवारी तिच्याकडे जा. वही नेऊ नकोस. ती भाजी निवडत असेल तर दोन जुड्या पुढे ओढून घे आणि तूही निवडायला बस. सहीचा विषय तू काढू नकोस. तिने काढला तर ऐक, नाही काढला तर पुढच्या शनिवारी पुन्हा जा. ‘याच्यावर लिहितेय, चालेल का’ हे विचारायची वेळ कधी आली ते तुला तिथे बसल्यावर कळेल. ती नको म्हणाली तर कथा ठेवून दे आणि तिच्याकडे जाणं चालू ठेव. हो म्हणाली तर दुसरा खर्डा लिहून मला पाठव. घाई नाही. पावसाळा संपेपर्यंत मी घरीच आहे.

तुझी,
बाई